एकशे सतरावं कार्ड

रागाच्या भरात पत्र लिहिलंच तर ते एक दिवस उशीखाली ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी फाडून टाकावं, असं मी छत्तीस वर्षं कॉपर बेच्या शाळेत मुलांना सांगत आलो. मुलं ऐकत नसत. मीही ऐकलं नाही. मार्चमधल्या एका मंगळवारी मी कॉलेज आइस हॉकी लीगच्या आयुक्तांना तीन पानी पत्र लिहिलं, त्यात सतरा चुका अनुक्रमांक घालून दाखवल्या, आणि मत बदलायच्या आत गुडघाभर बर्फ तुडवत जाऊन पेटीत टाकलं. हिल्मा खिडकीतून बघत होती. परत आल्यावर म्हणाली, "टोपी तरी घालून जायचं." मी टोपी घातली नव्हती याचा अर्थ मी किती संतापलो होतो हे आमच्याकडचा कोणीही माणूस सांगेल.

चुका खऱ्या होत्या. आमची लीग नऊ कॉलेजांची. शुक्रवारी एक सामना आणि शनिवारी त्याच रिंकवर त्याच संघाशी दुसरा, याला आम्ही मालिका म्हणतो, आणि अशा मालिकांचं हिवाळाभराचं वेळापत्रक एकोणीस वर्षं डॅग्नी ओपसाल नावाच्या बाई हाताने, कार्डांवर करत. बाई निवृत्त झाल्या. त्याच वर्षी लीगने ठराव करून प्रत्येक संघाच्या चौदा मालिकांच्या तेरा केल्या आणि वेळापत्रकासाठी एक संगणक आणला. त्या संगणकाने पुढच्या हंगामाचं जे काही जन्माला घातलं, त्यात आमचा संघ एका शुक्रवारी दोन गावांत खेळत होता, आणि शेवटच्या शनिवारी प्रतिस्पर्ध्याच्या रकान्यात छापलं होतं, 'नंतर कळवू'. नंतर कळवू! लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाच्या जागी कोणी असं छापतं का?

यातल्या सोळा चुका मी लीगच्या भल्यासाठी काढल्या होत्या. सतरावी माझी होती. कॉपर बे आणि लिंडग्रेन यांची मालिका त्या वेळापत्रकात नव्हतीच.

लिंडग्रेन आमच्यापासून चारशे दहा मैल पश्चिमेला, मिनेसोटाच्या पलीकडच्या टोकाला आहे. तिथे बघण्यासारखं काही नाही. तिथे आल्डो पेरोना आहे. आल्डोने आयुष्यभर आमच्या गावात टपाल वाटलं, आणि अडतीस हिवाळे तो कॉपर बेच्या रिंकवर 'एफ' ओळीत अकरा नंबरला बसला. बारा नंबर माझा. अडतीस वर्षांत मी त्याच्या घरी गेलो नाही, तो माझ्या घरी आला तो पत्र टाकण्यापुरता. आम्ही जे बोललो ते बर्फाकडे बघत बोललो. एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचं ते नोकरीच्या मुलाखतीत किंवा डॉक्टरकडे. त्याची बायको गेली तेव्हा दुसऱ्या सत्रानंतरच्या मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "नेला गेली." मी म्हटलं, "कळलं." मग तो म्हणाला, "आपला गोलरक्षक फार पुढे येतोय." यापेक्षा जास्त बोललो असतो तर दोघांनाही जागा बदलाव्या लागल्या असत्या.

मग त्याची मुलगी कॅमिल त्याला लिंडग्रेनला घेऊन गेली. अकरा नंबरवर तेव्हापासून मी कोट ठेवतो. आणि गेल्या नाताळच्या कार्डात कॅमिलने खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाबांची नजर जात चाललीय. डॉक्टर म्हणतात, पुढच्या हिवाळ्यात हॉकीची चकती दिसेल. त्यानंतरचं सांगवत नाही.'

"मग गाडी काढ आणि जा," हिल्मा म्हणाली.

"कशासाठी?"

"भेटायला."

"सामना नसताना?"

तिने माझ्याकडे बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तसं बघितलं. पण तिला काय सांगणार? चारशे दहा मैल गाडी हाकून दारात उभं राहायचं आणि म्हणायचं काय, सहज आलो? तो मला आत घेण्याआधी विचारेल, कोण मेलं?

तर ते पत्र. आठव्या दिवशी आयुक्तांचा फोन आला. डॉक्टर व्हिटलॉक यांचा आवाज नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा आहे. "मिस्टर हिएताला, आपलं पत्र फारच आवडलं. तिसरं पान तर मी बैठकीत वाचून दाखवलं."

"वाचून दाखवायला नव्हतं लिहिलं. दुरुस्त करायला लिहिलं होतं."

"तेच म्हणतो. तुम्हीच का करत नाही वेळापत्रक? मात्र अंतिम होईपर्यंत नाव गुप्त ठेवावं लागेल. लोक फार भावनाशील असतात."

स्वाभिमानी माणसाने तिथेच फोन खाली ठेवला असता. मी म्हटलं, "करतो." रागात माणसाच्या तोंडून नकारापेक्षा होकार लवकर निघतो, हे पेटीत पत्र टाकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

पद्धत मी डॅग्नीबाईंचीच घेतली. प्रत्येक कॉलेजाच्या नावाची तेरा कार्डं करायची, दोन कॉलेजांची कार्डं टाचणीने जोडली की झाली मालिका. शाळेतल्या पोराला जमेल असं काम. मी ते तीन दिवसांत संपवणार होतो, आणि तसं हिल्माला बोलूनही दाखवलं, ही आणखी एक चूक.

चौथ्या दिवशी नऊ कॉलेजांच्या 'नको असलेल्या तारखां'च्या याद्या आल्या. आधी नोव्हेंबर बघू. मिनेसोटात हरणांची शिकार महिन्याच्या पहिल्या शनिवारच्या सुमारास उघडते. आमच्या मिशिगनमध्ये पंधरा तारखेला, वार कुठलाही असो. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी. त्या त्या दिवशी त्या त्या राज्यात रिंकवर फक्त गोलरक्षक आणि त्याची आई येते. हरणं तिन्ही राज्यांत तीच, झाडं तीच, पण तारीख एक ठरवतील तर शपथ. मग एका कॉलेजाच्या रिंकवर बर्फावर नाचणाऱ्या परीकथांचा खेळ, दुसरीकडे चर्चचं सहाशे पानांचं, लुटफिस्क नावाच्या मुरवलेल्या माशाचं जेवण, तिसऱ्याने कारण न देता अख्खा फेब्रुवारी काट मारलेला.

सल्ले तर मागावे लागले नाहीत. नाव गुप्त होतं, म्हणजे गावात पन्नाससाठ लोकांनाच माहीत होतं. न्हावी म्हणाला, शुक्रवारी सामने ठेवूच नका, शुक्रवारी लोक मासे खायला जातात. पाद्रीबाबा म्हणाले, शनिवारचा सामना लवकर संपवा, रविवारी लोक प्रार्थनेत घोरतात. शेजारच्या क्लेटन नॉल्टने कुंपणावर कोपर टेकून पूर्ण विचारान्ती सांगितलं, "नऊ संघ म्हणजे जास्तच होतात, ऑर्व्हिल. एक काढून टाक. ते लिंडग्रेन काढ. फार लांब आहे."

त्या दिवसापासून मी क्लेटनशी बोलणं सोडलं.

आमच्याच रिंकची व्यथा वेगळी. तिथला व्यवस्थापक डॅरेल ट्रेवॅरो माझा विद्यार्थी. भूमितीत मी त्याला दोनदा नापास केलं होतं, आणि ते आमच्यातल्या एकालाच आठवत असावं असा माझा समज होता.

"जानेवारीचा तिसरा शनिवार?" तो वही चाळत म्हणाला. "नाही जमणार, सर. ट्रॅक्टरांचं प्रदर्शन आहे."

"जानेवारीत? बर्फावर?"

"बर्फावर फळ्या टाकतात, सर."

"फळ्या टाकून ट्रॅक्टर कोण बघायला येतं?"

"ज्यांना भूमिती येत नाही ते, सर."

एप्रिलच्या मध्याला ईस्टर आला आणि हिल्माला जेवणाचं टेबल हवं झालं. चौदा माणसं, डुकराची मांडी आणि तीन प्रकारचे बटाटे यांना जागा पाहिजे, हे मलाही कळत होतं. पण घरातल्या प्रत्येक भिंतीवर नातवंडांचे फोटो. मोकळी भिंत एकच, सॉनाच्या म्हणजे आमच्या वाफेच्या खोलीच्या आतली, देवदाराच्या फळ्यांची. मी सगळा हंगाम तिथे टाचला. ऑक्टोबर दारापाशी, मार्च भट्टीपाशी. लांबून बघितलं तेव्हा मला डॅग्नीबाईंची आठवण होऊन भरून आलं. नावं मी तत्त्व म्हणून शाईच्या पेनने लिहिली होती.

क्लेटन वीस वर्षं दर शनिवारी चार वाजता आमच्या सॉनात येतो. दार वाजवत नाही, भट्टी स्वतः पेटवतो. मी बोलत नाही म्हणून सॉना बंद आहे असं त्याला वाटलं नाही, कारण सॉनात तसंही कोणी बोलत नाही. साडेचारला मी गेलो तेव्हा तो दगडांवर तिसरं भांडं पाणी ओतत होता आणि भिंतीवरून जानेवारी ओघळत होता.

"निळं काय ते?" क्लेटनने डोळे न उघडता विचारलं.

मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. फिनिश शब्द होते आणि ते माझ्या आजोबांचे होते.

सगळी कार्डं पुन्हा लिहिली, आता पेन्सिलने. पुन्हा जोड्या लावल्या. एक कार्ड उरलं. आयर्न फॉल्सचं. त्याला जोडीदारच नाही. दुसऱ्या प्रकारे जोड्या लावल्या, तरी एक उरलं. म्हणजे वाफेच्या त्या गोंधळात एक कार्ड हरवलं होतं. मी बाकाखाली शोधलं, भट्टीतली राख चाळली, पाय पुसण्याची झाडणी विसकटली. मग जाऊन क्लेटनला सरळ विचारलं, "कार्ड कुठंय?"

"कुठलं कार्ड?"

"तू भट्टीत घातलंस ते."

"मी भट्टीत लाकडं घालतो," क्लेटन म्हणाला, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी नऊ इंच बर्फ पडला, एप्रिलमध्ये पडतो, आणि क्लेटनच्या बर्फ उडवायच्या यंत्रातून त्याच्या अंगणातला सगळा बर्फ उडून बरोबर माझ्या गाडीवर आला. वीस वर्षांत ते यंत्र कधी त्या दिशेला वळलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या तारखा मागायला मी डॅरेलकडे गेलो तेव्हा बोलता बोलता ही चोरी मी त्यालाही सांगितली. त्याने डोकं खाजवलं.

"किती कार्डं होती, सर, एकूण?"

"प्रत्येकाची तेरा."

"म्हणजे नऊ तेरा एकशे सतरा. विषम आहे ना, सर? दोनदोनच्या जोड्या लावल्या तर एक उरणारच."

रिंकवरचा बर्फ घासणारं यंत्र लांब कुठेतरी फिरत होतं. मी छत्तीस वर्षं गणित आणि भूमिती शिकवली. एकूण कार्डं मी मोजली नव्हती. बेरीज मला येते, मग ती करून कशाला बघायची, असा माझा स्वभाव आहे. चौदा मालिका होत्या तेव्हा नऊ चोक छत्तीस, नऊ चौदा एकशे सव्वीस, सम. म्हणून डॅग्नीबाईंना कधी अडचण आली नाही. संगणकाचंही हेच झालं होतं. त्या बिचाऱ्याने 'नंतर कळवू' म्हणून निदान सभ्यपणा दाखवला होता, मी शेजाऱ्याला चोर ठरवलं.

"बरोबर आहे का, सर?" डॅरेलने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. ते दोन शब्द त्याने पंचवीस वर्षं वाट बघून मिळवले. ट्रॅक्टरांचं प्रदर्शन त्याने त्याच मिनिटाला एका आठवड्याने पुढे ढकललं.

मी हिल्माचा वेलची घातलेला पाव घेऊन क्लेटनकडे गेलो. त्याने पाव घेतला, हुंगला, म्हणाला, "शनिवारी चारला," आणि दार लावलं. माफी यापेक्षा सविस्तर मागायची आमच्याकडे सोय नाही.

एवढ्यात दुसरं संकट. कच्चं वेळापत्रक मी सर्व कॉलेजांना पाठवलं होतं, खाली एक संघ उरतो अशी टीप घालून, आणि त्यांनी ते आपापल्या रिंकच्या दारावर चिकटवलं. त्यात कॉपर बे विरुद्ध लिंडग्रेन ही मालिका मी डिसेंबरात, लिंडग्रेनच्या रिंकवर घातली होती. मालिका असली की मी जाणार, शेजारी बसणार, दोन दिवस, सहा सत्रं. यात कोणाचं काही जात नव्हतं. तरी आयुक्तांच्या कचेरीतून एक टंकलेली नक्कल आली. मूळ पत्राखाली सही होती, 'लीगचा हितचिंतक'.

'ही मालिका लिंडग्रेनला घेण्याचं डोकं कोणाचं? डिसेंबरात त्या माळरानावर वारा असा सुटतो की बस आडवी होते. मालिका कॉपर बेलाच झाली पाहिजे. वेळापत्रक करणाऱ्याने शाळेत भूमिती शिकलेली दिसत नाही.'

मी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून. डिसेंबर नको? ठीक. मालिका फेब्रुवारीत नेली, लिंडग्रेनलाच. दहा दिवसांत दुसरं पत्र.

'फेब्रुवारीत वारा कमी असतो असं वेळापत्रक करणाऱ्याला कोणी सांगितलं? हा मनुष्य कधी घराबाहेर पडलेला नसावा.'

"कोण असेल हा गाढव?" मी हिल्माला विचारलं.

"कोणीतरी ज्याला कॉपर बेला यायचंय," ती बटाटे सोलत म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. बटाटे सोलताना ती काहीही बोलते.

त्याच रविवारी आल्डोचा फोन आला. आमचा फोन दीड मिनिटाचा असतो.

"बर्फ आहे?"

"आहे."

"किती?"

"पुरेसा. तुझ्याकडे?"

"वारा आहे." मग, "वेळापत्रकाचं काही ऐकलंस?"

"नाही," मी म्हणालो. शब्द दिला होता. "तू?"

"मी कुठून ऐकणार?" आणि त्याने फोन ठेवला.

मे महिन्यात शहरातल्या एका हॉटेलात नऊ कॉलेजांच्या क्रीडा संचालकांची बैठक भरली. मी फळ्यावर सगळी कार्डं टाचली आणि बाजूला नऊ गुणिले तेरा लिहिलं. एकशे सतरा. त्याला दोनने भाग. साडेअठ्ठावन्न. "अर्धी मालिका खेळता येत नाही," मी म्हणालो. "चौदा करा, नाहीतर बारा करा. तेरा होणार नाहीत."

एक संचालक म्हणाले, "आपण याआधीही लवचीकपणा दाखवलेला आहे."

"एकशे सतरा दाखवणार नाही."

दुसरे म्हणाले, "तेराचा ठराव एकमताने झाला होता. आता बदलला तर चुकीचा संदेश जाईल."

डॉक्टर व्हिटलॉकनी सगळ्यांचे आभार मानले आणि तेरा मालिका कायम ठेवण्याचा ठराव मताला टाकला. अंकगणित आठ विरुद्ध एक मतांनी हरलं. विरोधातल्या त्या एका गृहस्थांना मी मधल्या वेळात हात मिळवायला गेलो तेव्हा कळलं, त्यांनी हात कॉफीसाठी वर केला होता.

"आणि हो," आयुक्त म्हणाले, "हितचिंतकांचा रोष लक्षात घेता कॉपर बे-लिंडग्रेन मालिका वादग्रस्त आहे. ती तूर्त काढून टाकू."

ते सगळं दोन महिन्यांचं माझ्या डोक्यात एकदम चढलं. शाई, राख, गाडीवरचा बर्फ, शाळेत भूमिती न शिकलेला मी. फळ्यावर टाचलेली कॉपर बे आणि लिंडग्रेनची जोडी मी उपटली, शेजारी ते आयर्न फॉल्सचं बिनजोडीचं कार्ड होतं तेही उपटलं, आणि नऊ संचालकांच्या डोळ्यांदेखत तिन्ही एकत्र धरून मधोमध फाडली.

"घ्या," मी ओरडलो, "घ्या तुमची अर्धी मालिका!"

टेबलावर सहा तुकडे पडले होते. कॉपर बेचे दोन, लिंडग्रेनचे दोन, आयर्न फॉल्सचे दोन. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग एक तुकडा सरकवला. कॉपर बेचा अर्धा लिंडग्रेनच्या अर्ध्याला. लिंडग्रेनचा दुसरा अर्धा आयर्न फॉल्सच्या अर्ध्याला. आयर्न फॉल्सचा उरलेला अर्धा कॉपर बेच्या उरलेल्या अर्ध्याला. काही उरलं नाही. तीन संघ, प्रत्येक दोघांत एकेक सामना, त्रिकोण.

आयर्न फॉल्स आमच्या आणि लिंडग्रेनच्या बरोबर मध्ये आहे. तीनही सामने तिथेच, एका शनिवार-रविवारला धरून, शुक्रवारपासून. दोन्ही बसना अर्धंच अंतर. फळ्यावर उरलेली एकशे चौदा कार्डं, सत्तावन्न जोड्या, मुकाट्याने जुळल्या.

"मी म्हटलंच होतं," पहिले संचालक म्हणाले, "लवचीकपणा."

जानेवारीत डॅरेलचे ट्रॅक्टर कॉपर बेच्या रिंकवर फळ्यांवरून फिरत होते त्या शनिवारी मी आणि हिल्मा दोनशे पाच मैल गाडी हाकत आयर्न फॉल्सला गेलो. दोन दिवस आणि सहा सत्रं मागितली होती, मिळालं होतं एक दिवस आणि तीन सत्रं, आणि रस्ताभर मी त्या हितचिंतकाला शिव्या देत होतो. हिल्मा खिडकीबाहेर बघत होती. फोनवर आल्डोला एवढंच सांगितलं होतं, 'एफ' ओळ. मी बारावर बसलो. अकरावर कोट ठेवला. सवय.

सामन्याला दहा मिनिटं असताना कॅमिलच्या हाताला धरून आल्डो पायऱ्या चढताना दिसला. ओठ हलत होते. पायऱ्या मोजत होता. सहावीला थांबला, ओळीत शिरला, काठीने चाचपत माझ्या गुडघ्यापर्यंत आला.

"कोट उचल," तो म्हणाला.

मी उचलला. तो बसला. आम्ही दोघांनी बर्फाकडे तोंड केलं.

"दोनशे पाच मैल," तो म्हणाला. "एका सामन्यासाठी. कुठल्या मूर्खाने हे वेळापत्रक केलं?"

"मी केलं."

राष्ट्रगीत झालं, उभे राहिलो, बसलो.

"लिंडग्रेनला मालिका घालणारा तू?"

"मग? तू तिथे आहेस."

"मी तिथे आहे म्हणून काय? मला आपल्या रिंकवर बसायचं होतं. आपल्या रिंकवर मला डोळे मिटून दिसतं." त्याने काठी पायांमध्ये आपटली. "तीन पत्रं लिहिली मी. तिसरं पोचलं नाही वाटतं."

मी कोटाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. भूमिती शिकलेली दिसत नाही! हा मनुष्य छत्तीस वर्षं माझ्या शाळेत टपाल टाकायला येत होता.

पहिलं सत्र मी कोटाच्या घड्यांतच काढलं. मागच्या ओळीत हिल्मा आणि कॅमिल मांस-बटाटा भरलेली पेस्टी वाटून खात हसत होत्या, कशाला ते विचारण्याची माझी इच्छा नव्हती. दुसऱ्या सत्रात मधेच आल्डोने मान जराशी माझ्याकडे कलवली. तोंड बर्फाकडेच.

"कुठंय?"

डॉक्टरांचा अंदाज चुकला होता. मी बर्फाकडे बघत म्हटलं, "डाव्या कोपऱ्यात. आपल्याकडे. मागे दिली. निळ्या रेषेबाहेर गेली, परत आत."

"ऑफसाइड," आल्डो म्हणाला.

"तुला काय दिसलं?"

"आवाजावरून कळतं. ऑफसाइड."

शिट्टी वाजली. पंचाने हात वर केला. ऑफसाइड.

तिथून शेवटपर्यंत मी सांगत होतो आणि तो मला दुरुस्त करत होता. मी चकती उजवीकडे म्हणालो की तो म्हणे, मधे असणार. मी पास म्हणालो की तो म्हणे, फटका. चार वेळा तो बरोबर निघाला, आणि तेवढाच राग मला चार वेळा आला. आम्ही तीन-दोन हरलो. लोक उठले. आम्ही बसून राहिलो, कारण लोक उठतात तेव्हा बसून राहायची आमची जुनी पद्धत आहे.

"पुढच्या वर्षी कॉपर बेला घाल," आल्डो म्हणाला.

"लिंडग्रेनला घालणार."

"मग मी पत्र लिहीन."

"लिही," मी कोट अंगात चढवत म्हणालो. "या वेळी सही करून लिही."